तिसरं पेडल

९ जानेवारी, मंगळवार

येतेय! गोगलगाय येतेय!

मिलवॉकीहून फोल्करचा फोन आला. डीलरकडचा हा माणूस, गेली चार वर्षं आम्ही याचं डोकं खातोय. म्हणाला, गाडी अमेरिकेत येणार हे नक्की झालं, पहिलं जहाज वसंतात, एप्रिलमध्ये. मी स्वयंपाकघरात उडी मारली. वय बासष्ट. बायकोने, आर्डिसने, कपडे धुता धुता तळघरातल्या फोनवर सगळं ऐकलं होतं. वर येऊन म्हणाली, अभिनंदन, आणि फरशी नवी आहे.

गाडीचं खरं नाव म्हणजे दोन अक्षरं आणि एक आकडा. ते आमच्यात कोणी घेत नाही. इटलीत लोक तिला गोगलगाय म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. आमचा क्लब अकरा जणांचा, आणि गाडी एकाकडेही नाही. आत बसलेलाही कोणी नाही. आमच्या शेबॉयगन गावातल्या लोकांना आमच्यावर हसायला एवढं पुरतं.

आता हसा म्हणावं!

१३ जानेवारी, शनिवार

सकाळी सगळे माझ्या गॅरेजमध्ये. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत कॉफी आणि डोनट. फरशीवर निळ्या टेपने गोगलगाय आखलेली आहे, खऱ्या मापाची, आणि आत आमच्या जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या. प्रत्येकाने आळीपाळीने पुढच्या डाव्या खुर्चीत बसायचं, हातात पुठ्ठ्याचं स्टिअरिंग धरायचं आणि तोंडाने आवाज काढायचा. जॉइसचा आवाज सगळ्यात चांगला. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलं तिचं, यंत्रांची सवय आहे.

लेस्टर झिमाल नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आला. सत्तरी ओलांडली तरी कोटाचं बटण उघडं दिसायचं नाही. जन्मभर शाळेत बँड शिकवला. आमची मुलगी त्याच्याकडे क्लॅरिनेट शिकली. भयंकर वाजवायची, पण तो कधी आम्हाला तसं म्हणाला नाही. गोगलगाय प्रत्यक्ष पाहिलेला आमच्यातला हा एकटाच, तीही इटलीच्या सहलीत, बसच्या खिडकीतून. बायको होती बरोबर, बर्निस. ती म्हणाली होती, "लेस्टर, ही आपल्या मापाची आहे." बर्निस गेली, पण हा अजून त्या मापाची वाट बघतोय.

आज तो खुर्चीत बसला तेव्हा त्याने डावा पाय पँटला धरून दोन्ही हातांनी आत घेतला. मी म्हटलं, "काय लेस्टर, पाय भाड्याने आणलास का?" सगळे हसले. तोही हसला.

मग माझं नेहमीचं भाषण. तीन पेडल नसतील तर ती गाडी नव्हे, तो सोफा! ऑटोमॅटिक हवी असेल त्याने फर्निचरच्या दुकानात जावं. टाळ्या.

१५ जानेवारी, सोमवार

ही गोष्ट फक्त आर्डिसला आणि या वहीला ठाऊक. मला क्लचची गाडी चालवता येत नाही.

सोळाव्या वर्षी वडिलांच्या ट्रकवर बसलो होतो. पुढे जायचं ते मागे गेलो आणि शेजाऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यात घुसलो. वडील पोट धरधरून हसले, अंगणात जेवढी माणसं होती तेवढ्यांना हाका मारून मारून हसले. त्यानंतर मी क्लचला पाय लावला नाही. लागलाही नाही कुठे. इथे निम्म्या लोकांना क्लच कशाशी खातात हे माहीत नाही.

मग मी तीन पेडलांचा पुढारी कसा झालो? हळूहळू. गाडीच्या वेड्यांमध्ये सगळे तसंच बोलतात, म्हणून मीही बोललो. मग जरा मोठ्याने बोललो. मोठ्याने बोलणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

शिकून घेईन. एप्रिलला वेळ आहे.

१६ जानेवारी, मंगळवार

पुन्हा फोल्कर. पहिल्या जहाजातून आपल्या भागाला एकाच प्रकारच्या गाड्या मिळणार, एक तर सगळ्या क्लचवाल्या, नाही तर सगळ्या ऑटोमॅटिक. दुसरा प्रकार पुढच्या वर्षी, तोही नक्की नाही. आगाऊ नावं बहुतेक आमच्याच क्लबची, तेव्हा तुमचं काय ते सांगा, म्हणाला.

मी श्वासही घेतला नाही. "क्लचवाल्या. सगळ्या."

"सभासदांना विचारा की. पुढच्या शुक्रवारी, सव्वीसला, दुपारी बारापर्यंत बदलता येईल."

म्हटलं, विचारायची गरज नाही. फोन ठेवल्यावर सैन्य हलवल्यासारखं वाटलं!

१९ जानेवारी, शुक्रवार

क्लबचं शुक्रवारचं फिश फ्राय, म्हणजे हॉटेलात तळलेल्या माशांचं जेवण. गर्दी एवढी की बारपाशीच दीड पेला ब्रँडी झाली. पर्च मासा आला, राय ब्रेड आला, आणि मी उभा राहून जाहीर केलं. टेबलं वाजवली गेली. जॉइस जरा उशिरा वाजवायला लागली, पण वाजवली.

लेस्टरने विचारलं, "ऑटोमॅटिक कधी येईल म्हणाला?"

"पुढच्या वर्षी. कदाचित. तुला काय करायचीय? सोफा हवाय का?"

नाही, सहज, म्हणाला. मग बराच वेळ कोबीची कोशिंबीर ताटात इकडून तिकडे करत बसला.

२२ जानेवारी, सोमवार

लेस्टरने नाव काढून घेतलं! फोल्करकडून कळलं. मी ताबडतोब लेस्टरला फोन लावला. म्हणाला, "आता सोस राहिला नाही रे डेल. तुम्ही फिरवा, मी बघीन." एवढंच.

मला राग आला. इतकी वर्षं वाट बघायची आणि ऐन वेळी अंग काढून घ्यायचं? क्लबच्या पानावर लिहिलं, "आमचा बँडमास्तर शेवटच्या गाण्याला ताल चुकला." खाली सगळ्यांच्या हसऱ्या खुणा. वाक्य जमलंय, मला स्वतःलाच दोनदा वाचावंसं वाटलं.

२५ जानेवारी, गुरुवार

आज चर्चमध्ये कोणाच्या तरी मयताचं जेवण होतं. आर्डिस हॅमचे सँडविच करायला गेली होती, शेजारी लेस्टरची बहीण बटाट्याचं सॅलड कालवत होती. तिच्याकडून कळलेलं आर्डिसने घरी येऊन सांगितलं, कोट न काढता, दारातच.

दोन वर्षांपूर्वी लेस्टरला पक्षाघाताचा झटका आला होता. बहिणीकडे राहिला, आम्हाला सांगितलं की फ्लोरिडाला गेलो होतो. बाकी सगळं परत आलं, पण डाव्या पायातलं बळ आलं नाही. डॉक्टर गाडी चालवू देतात, पण फक्त ऑटोमॅटिक.

चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत बँडच्या पुढे चालणं त्याने दोन वर्षांपूर्वीच सोडलं. आता तरुणांना चालू दे, म्हणाला होता. आम्ही म्हटलं, काय मोठ्या मनाचा माणूस.

आणि मी त्याला म्हटलं, पाय भाड्याने आणलास का. सगळ्यांसमोर. आणि ते तालाचं वाक्य! पुसलं मी ते, पण पुसून काय होतंय, वाचलं सगळ्यांनी. त्यानेही वाचलं असणार. कान अजून गरम आहेत. स्वतःच्या थोबाडीत मारता येत नाही नीट, हात मागे जात नाही.

आर्डिस म्हणाली, "उद्या दुपारी बारापर्यंत बदलता येतं ना?"

"येतं."

"मग झालं."

२६ जानेवारी, शुक्रवार

नाही केला फोन.

हे वाक्य लिहायलाच जेवण होऊन गेलं. न्याहारीनंतर स्वयंपाकघरात फोन उचलला, नंबर फिरवला, पलीकडे एकदा घंटा वाजली, आणि ठेवून दिला. मनाशी म्हटलं, कारण काय सांगणार? लेस्टरचा पाय उघड होईल, त्याला ते नको असेल. कारण चांगलं होतं. दिवसभर पुरलं असतं. पण खरं कारण ते नव्हतं. फोल्कर म्हणाला असता, अहो, परवा तर छाती ठोकून सांगत होतात. मग क्लबात सगळ्यांनी विचारलं असतं, डेल, तुझ्या तीन पेडलांचं काय झालं? आणि कोणाची तरी नजर माझ्या डाव्या पायाकडे गेली असती. तेवढ्यासाठी! तेवढ्या एका नजरेसाठी मी एका म्हाताऱ्याची गाडी घालवली.

आणि गंमत अशी की ऑटोमॅटिक मलाही सोयीची होती. आम्हा दोघांना जी चालवता आली असती तीच मी नाकारली. इतका मूर्खपणा मेहनत केल्याशिवाय जमत नाही.

फोन ठेवताना आर्डिस दारात होती, धुण्याची टोपली कमरेवर. माझ्याकडे बघितलं. तळघरात निघून गेली. मी घड्याळासमोर बसून राहिलो आणि बारा वाजू दिले.

संध्याकाळी फिश फ्रायला गेलो नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

३ फेब्रुवारी, शनिवार

लेस्टर आज गॅरेजमध्ये आला. हार्ड रोल पावांची पिशवी घेऊन, सगळ्यांच्या आधी. मला वाटलं होतं पुन्हा तोंड बघणार नाही माझं. मागच्या खुर्चीत बसला, सगळ्यांच्या फेऱ्या बघितल्या, जॉइसला आवाजाबद्दल शाबासकी दिली. माझी पाळी आली. मी नेहमीसारखा हात हलवत गिअर टाकले. मला ते सगळं नको झालं होतं, पण न बसलो असतो तर विचारलं असतं कोणीतरी.

सगळे गेल्यावर तो मागे राहिला. टेपच्या रेघेकडे बघत म्हणाला, "डेल, तू गिअर बदलतोस तेव्हा तुझा डावा पाय जागचा हलत नाही."

मी कप गोळा करायला लागलो.

"तीस मुलांच्या बँडमध्ये कोण नुसतं वाजवल्याचं नाटक करतंय, हे मला पायांवरून कळायचं. कधीपासून बघतोय मी तुझा पाय. म्हटलं, आपल्याला काय करायचंय. पण एप्रिलमध्ये गाडी येईल आणि सगळ्यांसमोर तुझी फटफजिती होईल. माझ्या भाच्याचा जुना पिकअप आहे क्लचवाला. चर्चच्या मागचं आवार रिकामं असतं. उद्या प्रार्थना झाली की ये."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी ज्याची गाडी घालवली तो माझी अब्रू वाचवायला निघाला होता. धन्यवादसुद्धा म्हणवलं नाही. "बरं," म्हटलं.

४ फेब्रुवारी, रविवार

पिकअप सारखा बंद पडत होता. किती वेळा ते मी मोजलं नाही. त्याने मोजलं असेल, सांगितलं नाही. शेजारी बसून बँडला देतो तसा ताल देत होता. "दाब. गिअर. आता हळूच सोड... सोड... सोड... अरे, उडी नको मारू." एकदाही हसला नाही. मला वडील आठवले आणि डोळ्यांत पाणी आलं, ते थंडीवर ढकललं.

उतरताना त्याने पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला. मी चर्चच्या मनोऱ्याकडे बघायला लागलो.

"बघ रे," तो म्हणाला. "आता लपवून काय करू. फक्त बाकीच्यांना बोलू नकोस. कळलं की लोक माझ्याबरोबर हळू चालायला लागतात."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"ते माहीत आहे मला. माहीत असतं तर तू फोल्करला तसं सांगितलं असतंस का?"

मी मान हलवली. नाही, अशी. सोळा तारखेला माहीत नव्हतं हे खरंच आहे. सव्वीसला माहीत होतं. पण त्याने सव्वीसचं विचारलंच नव्हतं ना! असा वकील झालोय मी.

११ फेब्रुवारी, रविवार

दुसरा गिअर.

१८ फेब्रुवारी, रविवार

चढावर मागे घसरलो. लेस्टर म्हणाला, छान, या बाजूलाही जाते हे कळलं.

घरी आलो तर आर्डिसने विचारलं, "लेस्टरला सांगितलंस?"

"काय?"

तिने ताट पुढे ओढलं. मग म्हणाली, काही नाही, मीठ दे. सव्वीस जानेवारीच्या त्या फोनबद्दल तिने अजून एक शब्द काढलेला नाही. रागावलीही नाही. मला वाटलं होतं डोकं फोडेल. ती चिडत नाही याचीच भीती वाटते.

१८ मार्च, रविवार

बर्फ गेलं. आज लेस्टर म्हणाला, आवारात फिरून चक्कर यायला लागली, रस्त्यावर काढ. आमच्या समुद्राएवढ्या तळ्याकाठच्या रस्त्याने गेलो. तिसरा गिअर, मग चौथा! पाय आपोआप हलत होता. लेस्टर काच खाली करून बँडच्या संचलनाची धून गुणगुणत होता, गुडघ्यावर बोटांनी ताल. उजव्या गुडघ्यावर.

दीपस्तंभापाशी थांबलो. म्हणाला, बर्निसला हा रस्ता आवडायचा, मोठ्या गाडीतून पाणी नीट दिसत नाही म्हणायची. मग म्हणाला, "तुझी आली की मला एक चक्कर दे. शेजारी बसेन. तेवढं पुरे."

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तो इतका मजेत होता की म्हटलं, कशाला त्याचा दिवस घालवा. मी स्वतःला फार लवकर पटतो. दुसरा कोणी मला असं पटवायला आला असता तर दारातून हाकलला असता.

येताना गाडी एकदाही बंद पडली नाही. त्याने पाठीवर थाप मारली. ती थाप अजून टोचतेय.

७ एप्रिल, शनिवार

उद्या ईस्टर. हॅम ओव्हनमध्ये. आर्डिसने आज पुन्हा विषय काढला. "पुढच्या आठवड्यात गाड्या येतात. त्याच्या आत लेस्टरशी बोल, डेल. तू बोलावंस असं मला वाटतं. फार वाटतं."

म्हटलं, बोलतो.

१० एप्रिल, मंगळवार

फोल्करचा फोन. चर्चच्या आवारात शनिवारी ट्रक येणार, सगळ्यांना बोलवा, लेस्टरलाही नक्की आणा. म्हणाला, "तुमच्याकडच्या निरोपाप्रमाणे सगळं केलंय, काळजी नको." कसला निरोप? रंगाचं म्हणत असेल.

१३ एप्रिल, शुक्रवार

फिश फ्रायला लेस्टर शेजारीच बसला होता. त्याने माझ्या ताटात आपला ब्रेड ठेवला, मला आवडतो म्हणून. बोललो नाही. उद्या ट्रक यायच्या आधी, आवारातच, बाजूला घेऊन सांगतो. नक्की.

१४ एप्रिल, शनिवार

मी पोचलो तेव्हा ट्रक आलेला होता.

पहिली गोगलगाय खाली उतरली, पिवळी. जॉइसने आत डोकं घातलं आणि म्हणाली, "दोनच आहेत!" पेडल दोनच. सगळे माझ्याकडे वळले. मग जॉइसच म्हणाली, बरं झालं बाई, मला कुठे क्लच जमतो. मागून आणखी दोघं हसले. आम्हालाही, म्हणाले.

फोल्करने सगळ्यांसमोर सांगितलं. त्या शुक्रवारी बाराला पाचच मिनिटं असताना डेलच्या घरून फोन आला. मिसेस बोलल्या. डेलचा विचार बदललाय, ऑटोमॅटिक पाठवा, आणि लेस्टरचं काढलेलं नाव परत घाला. स्वतः सांगायला तो लाजतो.

तळघरात, वॉशिंग मशीनच्या वर, आमचा दुसरा फोन आहे.

लेस्टर आवार ओलांडून आला. आज पाय लपवला नाही, ओढत आला. माझा हात दोन्ही हातांत घेतला. "माझ्याकडे इतके रविवार क्लच शिकत बसलास, आणि हे मनात ठेवलंस? तूच सांगितलंस ना तिला?"

आर्डिस ट्रकपाशी उभी होती. माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "हो."

लेस्टर पिवळ्या गाडीत बसून तळ्याच्या दिशेने गेला. मी आर्डिससाठी माझ्या गाडीचं दार उघडलं. ती बसली नाही. चालत घरी गेली.